मधोमध उभी असलेली बाई

आखातातल्या, मंगफच्या आमच्या घरात बैठकीच्या खोलीत बसायला जागा नव्हती. खोली तशी ऐसपैस होती. परंतु तिच्यात दोन लाकडी पेट्या उभ्या होत्या, आणि त्या पेट्यांना, बाबांच्या म्हणण्यानुसार, भिंत चालत नसे, कोपरा चालत नसे, आणि शेजार तर मुळीच चालत नसे. त्यामुळे सोफा दाराला लागून, जेवणाचे टेबल स्वयंपाकघराच्या वाटेत, आईचे शिवणयंत्र माझ्या पलंगाच्या पायथ्याशी, आणि खोलीच्या मध्यात, मोकळ्या माळावर एकच झुडूप उरावे तशी, वेताची एक खुर्ची. पाहुणे येत, त्या खुर्चीकडे बघत, आणि तिच्यावर बसले तर आपली काहीतरी तपासणी होईल या भीतीने दाराजवळच्या सोफ्यावर दाटीवाटीने बसत. त्या खुर्चीवर बसण्याचा मान माझा होता. आयुष्यात मला मिळालेला तो पहिला मान, आणि तो कसा गेला हे सांगण्यासाठी इतक्या वर्षांनी, या वयात, मी लिहायला बसले आहे.

बाबा तेल कंपनीच्या प्लँटवर उपकरणांचे तंत्रज्ञ होते. नळ्यांमधला दाब, टाक्यांमधले तापमान दाखवणारी मापके बसवायची, दुरुस्त करायची, तपासायची, हे त्यांचे काम. आई सरकारी इस्पितळात मुलांच्या विभागात नर्स होती. तिच्या गणवेशावर छातीशी उलटे टांगलेले एक छोटे घड्याळ असे, मान खाली घालून वेळ बघता यावी म्हणून. दोघे सांगलीचे. मी त्यांची एकुलती एक, नीलिमा, घरात नीलू. सकाळी प्लँटची बस बाबांना, इस्पितळाची बस आईला आणि शाळेची बस मला घेऊन जाई, आणि इमारतीच्या हारिसकडे, म्हणजे आमच्या त्या म्हाताऱ्या मिसरी राखणदाराकडे, किल्ली ठेवलेली असे. दुपारी घरी आले की एसीची घरघर, फ्रिजचा मधूनच उचकी लागल्यासारखा आवाज, आणि खिडकीच्या फटीतून शिट्टी घालणारा वारा. वारा असेल तर संध्याकाळपर्यंत टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी बारीक रेती साचे. शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी बाबा बाजारातून झुबैदी आणत (पापलेटच ते, पण आई त्याला पापलेट म्हणायला तयार नसे, “त्याला आपल्याकडच्यासारखी चव नाही” म्हणे आणि दोन तुकडे जास्त घेई), आणि आदल्या दिवशीचे खुबूस, म्हणजे बेकरीतली ती मोठी गोल रोटी, कुस्करून कांदा-मोहरीची फोडणी घातली की नाश्ता होई. फोडणीच्या पोळीचा हा वाळवंटी अवतार मला अजून मूळ पदार्थापेक्षा अधिक आवडतो.

मी घुमी होते. हा शब्द माझा नव्हे. तो सांगलीच्या काकूंचा. शाळेत त्यालाच ‘प्राउड’ म्हणत. बसमध्ये माझ्या उजव्या हाताला बसणारी एक मैत्रीण एके दिवशी न सांगता पुढच्या बाकावर जाऊन बसली आणि पुन्हा परतली नाही. वर्गात बाईंनी नाव घेतले की सगळा वर्ग माझ्याकडे वळून बघे आणि मी सगळ्यात शेवटी बाईंकडे. आपल्यात काहीतरी मंद आहे, इतर मुलींना जे सहज मिळते ते आपल्यापर्यंत पोचतच नाही, अशी माझी खात्री झालेली होती. म्हणून मी कमी बोले, आणि मी कमी बोलते म्हणून लोक आणखी कमी बोलत.

स्टिरिओचा सेट, त्या दोन पेट्यांसकट, आमच्या घरी आला तो हनीफचाचांमुळे. ते खालच्या मजल्यावर राहत. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या एका गावचे, आणि शहरातल्या एका रेडिओ-टेपच्या दुकानात कामाला. त्यांनी बाबांना एकदा दुकानात नेले, दोन पेट्यांच्या समोर बसवले आणि एक रेकॉर्ड लावली. पुढची हकिकत चाचा आमच्या घरी दर वेळी नव्याने सांगत. “भाभी, तुमचे साहेब उठले ते सरळ पडद्याच्या मागं! म्हनले, हनीफभाई, बाईला मागं का उभी केलीत, बाहेर बोलवा की! मी म्हनतो, साहेब, कंची बाई? अख्ख्या दुकानात बाई नाय. माझा शेठ बगून ऱ्हायला, म्हनतो, याला पानी पाज!” बाबा लाजून हसत, पण नाकारत नसत. गाणारी बाई डावीकडच्या पेटीत नव्हती, उजवीकडच्या पेटीत नव्हती. दोन्हींच्या मधल्या रिकाम्या हवेत ती उभी होती, तिच्या तोंडाची उंचीसुद्धा सांगता येत होती. वयाची चाळिशी मापकांवर विश्वास ठेवण्यात घालवलेल्या माणसाला, जिथे काहीच नाही तिथे कोणीतरी उभे असल्याचा तो धक्का सोसवला नाही. सहा महिन्यांत सेट घरी आला.

घरी मात्र बाई मधोमध उभी राहीना. दुकानात होते ते घरात का होत नाही, या एका प्रश्नाने बाबांना पछाडले. त्यांनी पुस्तके आणली आणि जेवताना आम्हाला त्यातले सांगू लागले. दोन पेट्या आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. पेट्यांची तोंडे किंचित आत, ऐकणाऱ्याकडे वळलेली हवीत. पेटीतला वरचा लहान स्पीकर ऐकणाऱ्याच्या कानाच्या उंचीला हवा. दोन्ही बाजूंच्या भिंती सारख्या हव्यात, कारण आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि खरा आवाज व आपटलेला आवाज यांची गल्लत झाली की मधली बाई विरघळते. सुतळी ताणून, ओळंबा सोडून त्यांनी त्रिकोण आखला. शहराबाहेर अम्गऱ्याच्या भंगारबाजारात जाऊन, हनीफचाचांच्या दुकानाच्या पिकअपमधून, लोखंडी नळ्यांचे तुकडे आणले आणि पेट्यांसाठी घडवंच्या केल्या.

आणि मग प्रश्न आला, तपासायचे कोणी? बाबांच्या प्लँटवर एक नियम होता, आणि तो त्यांना देवाच्या आज्ञेसारखा होता: ज्याने बसवले त्याने तपासायचे नाही. “मी बसवलंय, म्हणून मला ती मध्येच ऐकू येणार,” ते म्हणाले. “माणूस आपल्या कामाला फसतो.” आईला वेळ नव्हता. हनीफचाचा विक्रेते, त्यांना सगळेच उत्तम वाटे. बाकीचे पाहुणे ‘वा, वा’ म्हणून वड्यांच्या ताटलीकडे वळत. “नीलू तपासेल,” बाबा म्हणाले. “ती बोलत नाही, म्हणजे ऐकते.”

मी वेताच्या खुर्चीवर बसले. एसी बंद करण्यात आला, कारण त्याच्या घरघरीत काही बारीक ऐकू येत नसे. उन्हाळ्यात हा विधी म्हणजे स्नानच असे. बाबांनी सेटबरोबर आलेली चाचणीची रेकॉर्ड लावली. तिच्यात सुरुवातीला टेबल टेनिसचा चेंडू होता, टक्‌ इकडे, टक्‌ तिकडे. “डावा,” मी म्हणाले, “उजवा, डावा, उजवा,” आणि एकही चुकले नाही. इतक्या वर्षांनी त्या अचूकपणाची मला भीती वाटते. मी डावे-उजवे ऐकत नव्हते. एक टप्पा खणखणीत होता आणि एक जरासा बोथट. खणखणीत म्हणजे डावा आणि बोथट म्हणजे उजवा, असे सगळ्या जगाचे ठरलेले असणार अशी माझी समजूत होती. मग बाबांनी पुण्याहून मागवलेली भक्तिगीतांची रेकॉर्ड लावली. बाई गाऊ लागली.

“कुठे उभी आहे?”

मी डाव्या पेटीकडे बोट केले.

पाहुण्यांपैकी कोणी असते तर बाबा हिरमुसले असते. माझ्या बाबतीत ते उजळले. “बघा!” ते आईला म्हणाले. “सगळे मध्ये मध्ये म्हणतात. हिनं एकटीनं खरं सांगितलं. कुठेतरी डावीकडे झुकतंय, माझ्या कानाला कळत नाहीये.”

त्या दिवसापासून मी घरातली महत्त्वाची व्यक्ती झाले. शाळेतून आल्यावर बाबा दारातच विचारत, “दमलीस? मग आधी खा, मग जरा ऐक.” माझ्या एका शब्दावर घरातले सामान हलत होते. मी डावीकडे म्हटले की डावी पेटी बोटभर मागे सरके. तरी डावीकडे म्हटले की उजवीचा आवाज किंचित वाढे. बाबांनी वायरी अदलाबदल केल्या, म्हणजे सेटमध्ये दोष असेल तर बाई उजवीकडे जाईल. ती गेली नाही. तेव्हा दोष खोलीचा ठरला. उजवीकडे बाल्कनीची मोठी काच होती. तिच्यावर सांगलीहून आणलेली आजीची गोधडी टांगण्यात आली. बाई डावीकडेच. जमिनीवर गालिचा आला. बाई डावीकडेच. मग बाबांची नजर डाव्या भिंतीवरच्या देव्हाऱ्याकडे गेली.

“देव हलायचा नाही,” आई म्हणाली.

“आतल्या खोलीत ठेवू. तिथं त्याला शांतता मिळेल.”

“त्याला शांतता नकोय, मला हवी आहे. काल तुमच्या बाईच्या पायी मी अंधारात टेबलाला आपटले. माझ्या गुडघ्यावर ती कुठे उभी आहे ते बघा!”

देव हलला नाही. पण त्याच्या समोर पडदा आला. मी खुर्चीवर बसून हे सगळे बघत असे, आणि मला, खरे सांगायचे तर, त्या दोषाचा लोभ सुटला होता. मी खोटे बोलत नव्हते. मला बाई डावीकडेच ऐकू येत होती. पण ती मध्ये आली की आपली खुर्ची जाणार, बाबा दारात थांबून मला विचारणार नाहीत, मी पुन्हा नुसती घुमी नीलू होणार, हे मला कळत होते. म्हणून प्रत्येक वेळी “डावीकडे” म्हणताना मला सुटल्यासारखे वाटे.

एका शुक्रवारी बाबांनी शेवटचा उपाय केला. त्यांनी खोलीच फिरवली. हनीफचाचांना बोलावून, पेट्या, घडवंच्या, सेट, गालिचा, सगळे उचलून समोरच्या भिंतीशी मांडले आणि खुर्चीचे तोंड उलटे केले. आता काच माझ्या डाव्या हाताला आली आणि देव उजव्या हाताला. झुबैदी तळल्याचा वास येत होता. चाचांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. एसी अर्थातच बंद. सुतळी ताणून झाली, ओळंबा सोडून झाला. मी बसले. बाई गाऊ लागली. बाबा माझ्या समोर गुडघ्यांवर बसले होते, एखाद्या लहान मुलाने गोष्टीचा शेवट ऐकायला बसावे तसे.

“आता?”

“डावीकडे,” मी म्हणाले.

बाबांनी मान वळवली. ते त्या पेटीकडे बघत राहिले. हनीफचाचांनी दरवाज्यात बसकण मारली आणि कपाळ पुसत म्हणाले, “भाई, काय खरा नाय! सगळा घर फिरवलात, पन ही बाय काय पोरीची डावी बाजू सोडीत नाय!”

आम्ही हसलो. मीही हसले. हसली नाही ती आई. ती स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती, आणि तिचे हात पुसता पुसता थांबले.

“नीलू,” ती म्हणाली, “खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बस.”

“अगं, मागून कसं कळेल?” बाबा म्हणाले.

“तुम्ही थांबा जरा.”

मी पेट्यांकडे पाठ करून बसले. बाई गातच होती.

“कुठे आहे ती?”

मी डावा हात बाहेर काढला. माझ्या पाठीमागे आता त्या हाताला दुसरी पेटी होती. कोणीतरी सुई उचलली, गाणे थांबले. मी वळून बघितले तेव्हा तिघेही माझ्याकडे बघत होते, आणि शाळेत सगळा वर्ग वळून बघे तसाच तो बघण्याचा प्रकार होता. मला वाटले, मी काहीतरी गाढवासारखे सांगितले, खुर्ची गेली.

आई आत गेली आणि इस्पितळाचा गणवेश टांगलेला होता तिथून ते उलटे घड्याळ काढून घेऊन आली. माझ्या मागे उभी राहून तिने ते माझ्या उजव्या कानाशी धरले. त्याचा थंडगार धातू मला कानाच्या पाळीला लागला. मला काय विचारले जाते आहे हे मला समजेना. चांगल्या मुलीसारखे, मदत करावी म्हणून, मी म्हणाले,

“आई, घड्याळ बंद पडलंय.”

तिने ते तसेच माझ्या डोक्याच्या मागून डाव्या कानाशी आणले. टिकटिक. टिकटिक. टिकटिक.

त्या क्षणाचे वर्णन मी अनेकदा करून पाहिले आहे आणि ते मला कधी जमलेले नाही. घड्याळ चालू होते हा धक्का नव्हता. धक्का हा की, इतरांना ते दोन्हीकडे ऐकू येते. मला वाटे, जसा लिहायचा हात एक असतो, तसा ऐकायचा कानही एकच असतो. दुसरा शोभेला, कुडी घालायला. हे मी कधी कोणाला विचारले नव्हते, कारण असले काही कोण विचारतो? मी हनीफचाचांना विचारले, बाबांना नाही, आईला नाही, “चाचा, तुम्हाला दोन्ही कानांनी ऐकू येतं?” त्यांनी नुसती मान हलवली आणि दोन्ही हात आपल्या दोन्ही कानांवर ठेवले, नमाजाला उभे राहताना ठेवतात तसे.

बाबा जमिनीवरच बसून होते. आई त्यांना म्हणाली, आणि तिचा आवाज चढला नव्हता म्हणूनच तो मला आठवतो, “तुमच्या प्लँटवर आधी मापक तपासतात ना?” मग तिलाच ते ऐकू गेले असावे, कारण ती मटकन सोफ्यावर बसली. “आणि मी,” ती म्हणाली, “मी दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांचे कान बघते.” गॅसवरचा मासा करपला. तो कोणी उतरवला नाही.

इस्पितळातल्या मिसरी डॉक्टरांनी माझ्या कानांना लोखंडी चिमटा वाजवून लावला, मग बंद खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या. उजव्या कानाची नस गेलेली होती. बहुधा लहानपणच्या गालगुंडात. आईला तो आठवडा आठवत होता: मी पहिलीत, गाल सुजलेले, सांगलीच्या घरी लेप लावून झोपलेली, आणि चार दिवसांत उठून खेळायला पळालेली. कोणाला काही कळण्यासारखे नव्हतेच. उपाय काहीच नव्हता. “दुसरा कान मात्र उत्तम आहे,” डॉक्टर म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. परत येताना गाडीत मी मागे बसले होते, आणि माझे सबंध बालपण माझ्या अंगावर एकेक करून येत होते. बसमधली ती मैत्रीण माझ्या उजव्या हाताला बसत असे. ती बोलत असणार; रोज बोलत असणार. काकू चुलीशी बसून मला हाक मारत, त्या बाजूला माझा कोणता कान होता? बाईंनी नाव घेतल्यावर मी वर्गभर नजर फिरवून त्यांना शोधे, कारण आवाज कोठून आला हे मला कधीच कळत नव्हते, आणि इतरांना ते न बघता कळते हे मला माहीत नव्हते. मी मंद नव्हते, गर्विष्ठ नव्हते. मला वाटते, याचा मला आनंद व्हायला हवा होता. पण आपल्याविषयी जी एकमेव गोष्ट आपल्याला नक्की माहीत होती तीच खोटी निघाली, तर पायाखाली काहीच उरत नाही. मी तेव्हा घाबरले, आणि त्या भीतीचा काही अंश अजून गेलेला नाही. आजही अनोळखी खोलीत शिरले की मी आधी भिंत शोधते, उजव्या बाजूला घ्यायला.

घरी येऊन बाबांनी सेटवर चादर घातली. गोधडी उतरवली, सोफा मूळ जागी आणला, आणि खुर्ची बाल्कनीत ठेवली. दर शुक्रवारी घरात एसीची घरघर. बाबा वर्तमानपत्र वाचत बसत आणि पान उलटत नसत. मला त्यांनी काही म्हटले नाही. उलट रस्त्याने चालताना ते आपोआप माझ्या डाव्या बाजूला येऊ लागले, दुकानाच्या रांगेत, समुद्रावर, जिन्यातसुद्धा. पण मी बघत होते. दुकानात पडद्यामागे बाई शोधायला गेलेला तो माणूस माझ्यामुळे हरवला होता. माझा कान गेला होता, ते ठीक; माझ्या कानाने त्यांचे गाणे न्यावे हे मला सोसत नव्हते. मी आयुष्यात फार थोड्या गोष्टी मागितल्या. अशाच एका शुक्रवारी मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, “बाबा, सेट लावा. स्टिरिओच लावा. तुमच्यासाठी. मला चालेल.”

“बरं,” ते म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

पुढच्या शुक्रवारी मी शिकवणीहून आले तेव्हा जिन्यातच गाणे ऐकू आले. चादर निघाली होती. सेटच्या दर्शनी भागावर एक बटण होते, एका बाजूला मोनो, एका बाजूला स्टिरिओ. मोनोवर केले की दोन्ही पेट्यांतून एकच एकत्र आवाज येतो आणि सगळी खुमारी जाते, हे मला बाबांनीच शिकवलेले. मी जवळ जाऊन बघितले. बटण स्टिरिओवर होते. मला इतके बरे वाटले की मी आत जाऊन रडले. त्यानंतर रोज सेटवरची रेती पुसण्याचे काम मी आपण होऊन घेतले, आणि फडके फिरवताना रोज ते बटण बघत असे. ते कधीही हललेले नव्हते. फक्त ती टेबल टेनिसच्या चेंडूची रेकॉर्ड पुन्हा लागली नाही. आवराआवरीत फुटली, असे बाबा म्हणाले.

मी कॉलेजसाठी पुण्याला आल्यावर काही वर्षांनी आई-बाबा कायमचे परतले. सेट लाकडी खोक्यातून पुण्याला आला, आणि तेव्हापासून त्यांच्या बैठकीत त्याच दोन पेट्या, त्याच घडवंच्या. माझे लग्न झाले, मुलगी झाली, बाबांचे केस गेले, पण बटण स्टिरिओवर. माझ्या आयुष्यातल्या पुष्कळ वजाबाक्यांसमोर मी ही एक बेरीज मांडून ठेवली होती: बाबांचे गाणे मी घेतले नाही.

गेल्या वर्षी बाबा गेले. परवा माझी मुलगी मुक्ता आजीकडे सेट न्यायला आली. तिला नव्या घरी तो हवा होता. मी आणि आई सोफ्यावर. मुक्ताने कपाटाच्या तळातून, गरम पांघरुणांच्या खालून, एक रेकॉर्ड काढली. “ही बघ, किती मजेशीर! टेबल टेनिस!” ती न फुटलेली रेकॉर्ड मी हातात घेतली, आणि काही बोलायच्या आत तिने ती परत घेऊन लावली. टक्‌. टक्‌. टक्‌. टक्‌.

मी ऐकत होते. खणखणीत आणि बोथट असे काही नव्हते. सगळे टप्पे सारखेच होते.

“आई, हा बिघडलाय,” मुक्ता खोलीच्या मधोमध उभी राहून म्हणाली. “चेंडू हलतच नाहीये. मध्येच टप्पे घेतोय. अगं, हे मोनो आहे.”

“बटण बघ,” मी म्हणाले.

“बटण स्टिरिओवर आहे.” तिने सेट पुढे ओढला आणि मागे हात घातला. “थांब. इथे कोणीतरी वायर टाकलीये. डावं-उजवं एकत्र केलंय. हातानं डाग दिलाय. बराच जुना दिसतोय.”

मी आईकडे बघितले. ती आपल्या हातांकडे बघत होती.

“तू शिकवणीला गेली होतीस,” ती म्हणाली. “त्या दुपारी केलं त्यांनी.”

“पण मी त्यांना सांगितलं होतं. मी रोज बटण बघत होते, आई.”

“माहीत आहे. तू फडकं घेऊन गेलीस की ते मला खूण करायचे. बघ म्हणायचे, पोर मापक तपासते आहे.” ती थोडी हसली. “मी म्हणायचे, अहो, काढा ती वायर, तिला कळणारसुद्धा नाही. तर म्हणायचे, म्हणूनच नको, तिला नाही ते मला कशाला.”

“आणि ती बाई? त्यांची ती मधोमध उभी असलेली बाई?”

“ते मध्ये बसलेच कुठे त्यानंतर? तुला आठवत नाही, त्यांची खुर्ची कुठे असायची?”

मला आठवत होती. मंगफला, आणि इथेही, बाबा नेहमी डावीकडच्या पेटीला खेटून बसत. इतकी वर्षे मला वाटत होते, वाऱ्यासाठी.

मुक्ताची बोटे वायरीवरच होती. “आजी, काढू का ही? मग एकदम मस्त लागेल.”

“नको!” मी ओरडले. आयुष्यभर मी कधी इतक्या मोठ्याने काही बोलले नसेन. मुक्ताने हात मागे घेतला. आई दचकली, आणि मग हळूच, सोफ्यावर माझ्या उजव्या बाजूला बसली होती तिथून उठून, ती माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली.

“अगं, हळू,” ती म्हणाली. “मला दोन्हीकडून ऐकू येतं.”